बोट हललं की भीती पळते?



२२ जुलै २०२१ हा दिवस चिपळूणकर विसरणार नाहीत. वाशिष्ठीचं पाणी बघता बघता बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. त्याआधी २ जुलै २०१९ च्या रात्री त्याच तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि माणसं घरांसकट वाहून गेली.

पाणी ओसरतं, चिखल उपसता येतो. पण काहींच्या मनातला पूर ओसरतच नाही. पत्र्यावर सर वाजली की छाती धडधडते, झोप उडते, तेच दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे येतं. महिना उलटल्यावरही हे चालूच राहिलं, शाळा-अभ्यासाच्या आड येऊ लागलं, तर तो आजार असू शकतो. त्याला भित्रेपणा म्हणून हसू नका हं!

या आजारावर एक गमतीदार वाटणारा उपचार आहे : ई.एम.डी.आर. अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञ फ्रान्सिन शापिरो यांना १९८७ साली बागेत फिरताना जाणवलं, की डोळे इकडून तिकडे हलले की त्रासदायक विचारांचा जोर कमी होतो. त्यातून त्यांनी ही पद्धत बसवली. यात तज्ज्ञ आपलं बोट डावीकडून उजवीकडे हलवतात. रुग्णानं ती वाईट आठवण मनात धरायची आणि नजरेनं बोटाचा पाठलाग करायचा. मधे मधे थांबून काय वाटलं ते सांगायचं.

तुम्ही म्हणाल, ही तर जादूच! पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही हा उपचार सुचवला. आघातावरच्या बोलून करायच्या दुसऱ्या चांगल्या उपचारांइतकाच याचाही गुण येतो. मात्र तो प्रत्येकाला येतोच असं नाही.

मग गुण बोटाचा का? इथे शास्त्रज्ञांचा वाद आहे. काही प्रयोगांत डोळे न हलवताही तेवढाच फरक पडला. काही जण म्हणतात, मनाची पाटी लहान असते, तिच्यावर एका वेळी दोन कामं मावत नाहीत. सतराचा पाढा म्हणता म्हणता कालच्या जेवणाचं ताट डोळ्यांसमोर आणून बघा. चित्र पुसट होतं ना? तसंच काहीसं त्या आठवणीचं होत असावं. शिवाय विश्वासाच्या माणसासमोर ती आठवण पुन्हा पाहिली, की 'ते घडलं, पण आता संपलं' हे मनाला पटू लागतं.

मात्र वाईट आठवणींवर हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही! ते शिकलेल्या तज्ज्ञांचंच काम. तुम्हाला किंवा मित्राला असा त्रास होत असेल, तर आई-बाबांना किंवा बाईंना सांगा. 'टेलिमानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन केला, तर मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

ताप आला की आपण लगेच सांगतो ना? मग हेही सांगायचं.