मोतेत : गलका नव्हे, गायन

मोतेत म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनेचे बहुस्वरी गायन. त्याला गलका म्हणणाऱ्या जाणत्यांशी माझे पटत नाही. इटलीचा पालेस्त्रिना (मृत्यू १५९४) आपल्या एकनाथांचा समकालीन. त्याच्या मोतेतात बहुधा चार-पाच गळे असतात. एकाने उचललेली चाल दुसरा मागाहून घेतो. सारेच मुख्य गवई, साथीला कोणी नाही. गोव्यात लेंटच्या उपासकाळात मोतेते आजही गातात. सिल्वासातही पोर्तुगीज अमदानीतले चर्च उभे आहे. १९५४ साली ते गाव मुक्त करणाऱ्यांत आपले सुधीर फडके होते. पण तो लढा सत्तेशी होता, सुरांशी नव्हे. दरबारी गवई असलेल्या वडिलांनी मला एक स्वर धरायला शिकवले. शेजारी निराळा स्वर चालू असता आपला न सोडणे, हेही आमच्या विद्यार्थ्यांनी शिकावे.