१०७ ज्योती आणि एक यादी

व्हिडिओ गेम हा शब्द कानीं पडतांच कपाळाला आठी घालणारे आमचे वाचक थोडे नाहींत. त्यांनीं हें पान उलटून पुढील परीक्षणाकडे वळण्याचें कारण नाहीं. आमचें भांडण त्यांच्याशीं नसून दुसऱ्याच मंडळींशीं आहे. हे खेळ मुलांनीं खेळावे कीं नाहीं हा वाद आतां शिळा झाला. मुलें ते खेळतातच, आणि मुलांचे बापही खेळतात. आमचा आक्षेप ते न खेळतां पुरे करणाऱ्यांवर आहे.

उदाहरण एकच घेतों. 'पोकेमॉन' हा जपानी खेळ १९९६ सालीं निघाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणीं किडे वेंचीत हिंडण्याचा नाद होता. शहर वाढून तीं डबकीं-शेतें बुजलीं, तेव्हां तोच आनंद शहरी मुलांना निराळ्या रूपानें मिळावा, ही कल्पना त्यांना सुचली. चित्रविचित्र प्राणी हुडकावे, पकडावे, पोसावे, मित्रांशीं त्यांची अदलाबदल करावी, असा तो प्रकार आहे. हुडकणें हा त्याचा प्राण होय.

याच मालिकेंतील 'लेजंड्स: आर्सिअस' हा भाग २८ जानेवारी २०२२ रोजीं आला. त्याची भूमि हिसुई, म्हणजे जुन्या काळच्या होक्काइदो बेटाची कल्पित प्रतिमा. मुख्य कथानकाखेरीज त्यांत गांवकऱ्यांच्या लहानमोठ्या विनवण्या आहेत. त्या मान्य केल्या नाहींत तरी कथा अडत नाहीं. अशा आडवाटेच्या कामगिरीला खेळाडू साइड क्वेस्ट म्हणतात. जुबिलाइफ गांवांत व्हेसा नांवाची एक मुलगी उभी असते. ती सांगते कीं, या मुलखांत १०७ जांभळ्या ज्योती विखुरल्या आहेत, तेवढ्या गोळा करून दे. ७ गांवांतच, आणि पांच प्रदेशांत प्रत्येकीं २०. दिवसा त्या नजरेंतून सहज निसटतात. रात्र पडली म्हणजे दुरून लुकलुकूं लागतात. सर्व जमल्यावर ती खेळाडूला दलदलींतील एका भग्न अवशेषाकडे रात्रीं जावयास सांगते, आणि तेथें स्पिरिटूम नांवाचें, १०८ आत्म्यांचें मिळून झालेलें भूत प्रकट होतें. १०७ तर आपण वेंचल्या. मग उरलेला एक कोण? तें उमगतें तेव्हां इतके दिवस आपल्याशीं बोलत आलेल्या त्या मुलीच्या आठवणीनें अंगावर कांटा येतो.

ही संख्या उगीच घेतलेली नाहीं. बौद्ध मतानें माणसाचे विकार १०८. जपानांत वर्षअखेरच्या रात्रीं देवळांतील घंटेचे तितकेच टोले पडतात, आणि १०७ जुन्या वर्षांत देऊन शेवटचा नव्या वर्षांत देण्याचा प्रघात आहे. आमच्या जपमाळेचे मणीही १०८ च. तेव्हां मराठी वाचकाला ही रचना परकी वाटूं नये.

आतां होतें काय? एकूण एक ज्योतीची जागा दाखविणारे नकाशे आयते मिळतात. खेळाडू एक डोळा नकाशावर व दुसरा पडद्यावर ठेवून निघतो. ४१ वी झाली, खूण केली, ४२ वीकडे चला. रात्र पडण्याची वाट पाहण्याचेंही त्याला प्रयोजन उरत नाहीं. दोन-चार तासांत हिशेब मिटतो, आणि व्हेसाचें रहस्य त्याच्या हातीं दुकानांतल्या पावतीसारखें पडतें.

यावर पहिलें उत्तर ठरलेलें: वेळ कोठें आहे? परंतु ही कामगिरी करा अशी सक्ती केली कोणीं? जें न केल्यानें कथेचें तसूभरही अडत नाहीं, तें वेळ नसतां उरकण्याची ही घाई कशासाठीं? सर्व प्राण्यांची वही भरून खुद्द आर्सिअसला गांठावयाचें असेल, तर स्पिरिटूम टाळतां येत नाहीं, हें खरें. पण ती वही भरण्याचीही सक्ती नाहींच.

दुसरें उत्तर अधिक वजनदार आहे. १०७ ही संख्याच जुलमी आहे; शेवटच्या तीन ज्योतींसाठीं मुलानें महिनाभर भटकावें काय? यांत तथ्य आहे, हें आम्ही मान्य करतों. तेवढ्यापुरतें मित्राला विचारावें. मित्राला विचारणें आणि यादी समोर घेऊन बसणें यांत अंतर आहे, आणि एके काळीं तें खेळ निर्माण करणाऱ्यांनाच उत्तम कळत होतें. २००६ सालच्या 'डायमंड' व 'पर्ल' या भागांत हेंच भूत मिळवावयाचें तर भुयारांत उतरून इतर खेळाडूंशीं ३२ वेळां बोलावें लागे. एकाच मित्राशीं पुनःपुन्हां बोललें तरी चाले; पण निदान एक हाडामांसाचा मित्र यंत्र घेऊन जवळ बसलेला असावा लागे! २०२१ सालीं त्याच खेळाची नवी आवृत्ति निघाली, तींत खेळांतल्याच पात्रांशीं केलेलें बोलणें हिशेबांत धरलें जाऊं लागलें. ज्यांना मित्र जवळ नव्हता त्यांची सोय झाली खरी, पण निर्मात्यांनींच एक पायरी खालीं उतरून दाखविली, त्याला काय म्हणावें?

मात्र यादीवाल्या मुलांना दोष देण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं स्वतःकडे पाहावें. दिवाळींत मातीत हात घालून किल्ला करण्याऐवजीं बाजारांतून रंगविलेला तयार किल्ला आणून अंगणांत ठेवणारे आपणच. संकल्प आपण सोडावा, दक्षिणा मोजावी आणि माळ भटजींनीं ओढावी, ही सोय तर कोणत्याही यंत्राहून जुनी! 'किती झालें?' एवढेंच ज्या घरांत विचारलें जातें, त्या घरांतील मुलानें 'कसें सांपडलें?' हें सांगण्याची तसदी कां घ्यावी?

आमची सूचना फार मोठी नाहीं. गांवांतल्या ७ ज्योती तरी रात्रीच्या वेळीं, यादीवांचून शोधाव्या. मुलासोबत बापानेंही बसावें. त्यानंतर ज्याला यादी हवी त्यानें ती खुशाल उघडावी. आणि त्या सातही ज्यांना जड वाटतील, त्यांनीं व्हेसाची विनवणी सरळ सोडून द्यावी. ती रागावत नाहीं. गांवांत तेथेंच उभी राहते.