पांढरा धूर आणि बघायचे पैसे

डिझेल गाडी थंडीत सकाळी सुरू व्हायला त्रास देते म्हटलं की आपल्याकडे पहिला बळी बॅटरीचा जातो. दुसरा डिझेल फिल्टरचा. तिसऱ्या नंबरावर 'पंप गेलाय' हे वाक्य येतं आणि सोबत पाच आकडी एस्टिमेट. या सगळ्यात गाडी नक्की काय सांगतेय हे कोणी बघितलेलंच नसतं. माझं मत असं की ही गॅरेजवाल्यांची लबाडी नाही (निदान दर वेळी नाही), ती आपणच त्यांना लावलेली सवय आहे. कसं ते सांगतो, पण आधी थोडं इंजिन. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी दोन-तीन परिच्छेद उडी मारून पुढे जावं, राग नाही. :)

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये ती भानगड नाही. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते, मग त्यात डिझेल फवारायचं, ते आपलं आपण पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला जे चालवून दाखवलं, ते तत्त्व आजही तेच आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, जुन्या इंजिनांत २०-२२ पट. आता थंड सकाळी काय होतं? लोखंड गार असतं, ते हवेची उष्णता पिऊन टाकतं. बॅटरी गार असते, तिच्यातून करंट कमी निघतो. म्हणजे सेल्फ मारला की इंजिन हळू फिरतं, आणि हळू फिरलं की दाबलेल्या हवेला रिंगांमधून निसटायला आणि गार व्हायला जास्त वेळ मिळतो. एकातून दुसरं. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक छोटा हीटर प्लग बसवलेला असतो. डॅशबोर्डवर तो पिवळा वेटोळ्याचा दिवा दिसतो ना, तो त्याचाच.

आमच्या आजोबांच्या मळ्यावर विहिरीचं इंजिन होतं त्याला असलं काही नव्हतं. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून धरायचा, हँडलने जोरात फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा. म्हणजे दाब नाही तोवर वेग कमवायचा, मग एकदम दाब द्यायचा. सातारा-सांगली भागातल्या आजोबांच्या पिढीला हे शिकवावं लागत नव्हतं, हातालाच ठाऊक होतं.

असो. गाव वाई. थंडीत पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि पसरणीचा घाट चढून वर महाबळेश्वरला गेलं तर वेण्णा लेकवर हिमकणांचे फोटो पेपरात येतात. त्यामुळे 'डिझेल गोठलं असणार' ही थिअरी दर डिसेंबरात गणपती घाटावर ऐकायला मिळते. तसं नसतं हो. आपल्याकडच्या डिझेलचं प्रमाणक हिवाळ्यासाठी असं आहे की फिल्टर तुंबण्याचं तापमान ६ अंशांच्या वर नसावं. खरं गोठायचं तर लडाख, आणि तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल काढलं. वाईत दहा-बारा अंशांना टाकीत रॉकेल ओतायचा सल्ला जे देतात त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच असतं. रॉकेल ते पातळ करतं. उपाय म्हणून पुढच्या वर्षीचा पंपाचा खर्च आजच ओतलात.

आता आमच्या घरची गाडी. २०१३ ची डिझेल हॅचबॅक, बाबा चालवतात. आईचं डायलिसिस साताऱ्याला असतं, आठवड्यातून दोनदा, आणि सकाळी साडेसहाला घर सोडावं लागतं. तेव्हा 'सुरू होईल हो दोन-चार सेल्फमध्ये' हे आमच्याकडे चालत नाही. मागच्या हिवाळ्यात एका गॅरेजने नवी बॅटरी घातली. या हिवाळ्यात परत तेच. पंप आणि इंजेक्टर काढावे लागतील असं बाबांना सांगण्यात आलं, वर 'गुरुजी, एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी काढून टाका' हा फुकट सल्ला. बाबा तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झालेत. गाडी काढून टाका म्हणजे आठवड्यातून दोनदा पहाटे कोणाचे तरी पाय धरा, हे त्यांना न सांगता कळतं. त्यांनी मला फोनवर फक्त एवढंच विचारलं, "पंप गेलेली गाडी दुपारी एका सेल्फमध्ये कशी काय सुरू होते रे?"

प्रश्न शंभर नंबरी होता! डिझेल गरम झालं की पातळ होतं. पंप आणि इंजेक्टर झिजलेले असतील तर पातळ डिझेल जास्त गळतं, म्हणजे त्रास गरम इंजिनाला व्हायला हवा, निदान तेव्हाही व्हायला हवा. फक्त गार असताना अडणारी आणि एकदा तापली की गुणी बाळासारखी वागणारी गाडी पंपाकडे बोट दाखवत नसते.

शनिवारी मी वाईला गेलो. एमआयडीसीच्या बाजूला एक छोटं गॅरेज आहे, तिथले मिस्त्री रविवारी पहाटे घरी आले. घरी, हे महत्त्वाचं. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिप्रोड्यूस व्हायला हवा. गॅरेजपर्यंत चालवत नेलेली गाडी गरम असते, आणि गरम गाडीत हा बग नाही. मिस्त्रींनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. बाबांना सेल्फ मारायला लावला आणि स्वतः मागे सायलेन्सरपाशी जाऊन बसले. "पांढरा धूर येतोय," म्हणाले, "म्हंजी डिझेल पोचतंय, पेटत न्हाई."

एवढ्या एका वाक्यात अर्धं झाड कापलं गेलं. धूर अजिबात नसता तर डिझेल पोचत नाही, मग रात्रीतून लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतंय का ते बघायचं. (त्याची फुकट चाचणी : रात्री गाडी उताराला, तोंड खाली करून लावायची. सकाळी पटकन सुरू झाली तर हवा शिरतेय हा संशय पक्का.) पांढरा धूर आहे म्हणजे उष्णता कमी पडतेय किंवा दाब. दाब तपासायला बरंच खोलावं लागतं, म्हणून आधी उष्णता. दरम्यान बॅटरीवर मीटर धरला : उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या वर. म्हणजे बॅटरी निर्दोष. मी माझा ओबीडी डोंगल लावून कूलंटचं तापमान बघितलं, कारण हीटर किती वेळ चालू ठेवायचा हे इंजिनाचा कॉम्प्युटर त्यावरून ठरवतो. सेन्सरने गार इंजिनाला 'साठ अंश' म्हटलं तर हीटर लागणारच नाही. पण कूलंट १३ आणि आत येणारी हवा १२ दाखवत होती. तेही ठीक.

मग हीटर प्लगच्या वायरी काढून एकेकाचा रेझिस्टन्स घेतला. धड प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. आमच्या चारांपैकी एकच तसा निघाला, बाकी तिघे ओपन. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मात्र रोज इमानेइतबारे लागून विझत होता! बऱ्याच गाड्यांत तो दिवा हुकूम सुटला एवढंच सांगतो, हुकमाची अंमलबजावणी झाली की नाही ते नाही. लॉगमध्ये 'सक्सेस' लिहिणारं कोड आपणही कमी बघितलेलं नाही.

प्लग काढताना मिस्त्रींनी इंजिन आधी पाऊण तास चालवून गरम केलं. गार इंजिनात जोर लावला तर प्लग आत तुटतो आणि मग खरंच हेड उतरवावं लागतं. चार नवे प्लग, थोडी मजुरी, सगळं मिळून बॅटरीच्या निम्म्यातही नाही. सोमवारी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू.

मी विचारलं, शोधायचे किती? ते हसले. "त्याचं कसलं पैसं? निस्तं बघितलंय की."

इथेच माझं भांडण आहे. आपण हिंजवडीत बसून एका ओळीच्या फिक्ससाठी दोन दिवसांचं डीबगिंग बिल करतो आणि क्लायंट निमूट देतो. डॉक्टरने नुसतं तपासलं तरी फी देतो. मात्र गॅरेजवाल्याने तासभर मीटर लावून 'बॅटरी चांगली आहे, बदलू नका' असं सांगितलं, तर त्याला चहासुद्धा मिळेल याची खात्री नाही. त्याने न बघता बॅटरी बदलली असती तर आपण बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन खुशीत घरी गेलो असतो. मग तो काय शिकणार? पार्ट विकायलाच शिकणार. बघणं फुकट आणि बदलणं पैशाचं असेल तर बघण्यात कोण वेळ घालवेल?

कोणी म्हणेल की बघायचे पैसे घेऊन उद्या चुकीचंच निदान केलं तर? करतील काही जण. डॉक्टरही करतात. पण चुकलेल्या निदानाचे पाचशे रुपये आणि विनाकारण उतरवलेला पंप यात मला तरी तुलना करावीशी वाटत नाही.

यात घाई आहे. मारुतीने २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा डिझेल गाड्या बंद केल्या, इतरांनीही छोटी डिझेल इंजिनं गुंडाळली. रस्त्यावर आहेत त्या जुन्या होत चालल्यात, त्यांना धुरावरून ओळखणारी माणसंही. नव्या पोराने ते शिकावं असं वाटत असेल तर त्याला त्यात चार पैसे दिसायला हवेत. तेव्हा गाडी टाकतानाच ठरवून टाका : कारण शोधायचे इतके, पार्ट आणि मजुरी वेगळी. आणि गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा, सकाळी त्यांनाच पहिला सेल्फ मारू दे.

आमच्या मिस्त्रींनी शेवटपर्यंत पैसे घेतले नाहीत. 'गुरुजींकडनं बघायचं पैसं घिऊ व्हय?' म्हणाले, त्यांची थोरली मुलगी बाबांच्या हाताखाली शिकलेली. बाबांनी मग ते बिलात 'तपासणी' अशी वेगळी ओळ लिहायला लावून दिले, अक्षर सुधारून घेऊन. गाडीला २०२८ मध्ये पंधरा वर्षं होतील, तेव्हा आरटीओत पासिंगचं बघू.