गावाने मागितलेत का?

गेल्या शुक्रवारी आम्ही काही मराठी कुटुंबे समैस्माच्या किनाऱ्यावर जमलो होतो. दोह्याच्या उत्तरेचे हे मूळचे मासेमारीचे गाव. बंदरात होड्या, समोर उथळ पाणी, आणि मुलांना हुंदडायला भरपूर वाळू. डबे उघडले, चहा झाला आणि गप्पा नेहमीप्रमाणे गावाकडे वळल्या. एका मित्राने सुचविले की सर्वांनी वर्गणी काढून त्याच्या गावच्या शाळेला पाच संगणक पाठवावेत. चांगल्या कामाला नाही कोण म्हणणार? पण कोल्हापूरकडचे एक काका इतकेच म्हणाले, "गावाने मागितलेत का?"

प्रश्न थोडा झोंबला खरा. तरी काकांच्या बोलण्यामागे अनुभव होता, कारण ते वारणाकाठचे.

वारणेचा प्रयोग अनेक वाचकांना आठवत असेल. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील 70 गावांसाठी, 1998 साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने संगणकाचे जाळे विणण्यात आले. गावोगाव केंद्रे निघाली. शेतकऱ्याला शेतीचा सल्ला मिळेल, बाजारभाव कळतील, आरोग्य-शिक्षणाची माहिती मिळेल, अशी योजनाकर्त्यांची अपेक्षा होती. वारणेच्या शेतकऱ्याने मात्र केंद्रावर येऊन मुख्यतः आपल्या उसाचीच चौकशी केली. तोडणीचा पास निघाला का? ऊस किती टन भरला? खात्यावर खत किती, बिल किती?

यावर काही शहाण्यांनी प्रयोग फसला असा निकाल दिला. आम्हांस तो मान्य नाही. ज्याने ऊस पिकविला आहे त्यालाच या प्रश्नांचे मोल कळते. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो आणि वजनात मार खातो. गाडी काट्यावर चढते तेव्हा शेतकरी तिथे नसतो. किती भरला ते पावती हाती येईपर्यंत कळत नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, म्हणजे कोणत्या तारखेला किती टन गेला हे माहीत असणे हा थेट पोटाचा प्रश्न. बाजारभाव घेऊन तो काय करणार? ऊस तर कारखान्यालाच जायचा!

पुढे 2007 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी हे ओळखले. केंद्रांतील संगणक जुने झालेले, विजेचा भरवसा नाही, आणि शेतकऱ्याच्या खिशात तर मोबाइल आलेला. त्यांनी 7 गावांत साध्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली. केंद्राला कुलूप असले तरी रात्री घरबसल्या टनाचा आकडा कळू लागला. संगणकाचा खोका मागे पडला आणि गावाने निवडलेला प्रश्न तेवढा टिकला.

आजही तेच चालू आहे. महाराष्ट्र सरकारने 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू केली; शेतकऱ्याने बांधावर जाऊन स्वतः फोटो काढून सातबाऱ्यावर पीक नोंदवायचे. गावाने त्यालाही आपला आकार दिलाच. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, तेव्हा वस्तीवरचा एखादा कॉलेजचा मुलगा सगळ्यांच्या रानात फिरून नोंदी उरकतो. आमच्यापैकी कित्येकांची जमीन अशाच कुणा पुतण्याच्या भरवशावर आहे. इथे कतारमध्ये बसून बांधावरचा फोटो कसा काढणार?

पण यात एक खोच आहे, आणि ती गप्पांत एका वहिनींनी काढली. त्यांच्या सासूबाईंच्या नावावर ऊस आहे. एसएमएस मात्र येतो दिरांच्या मोबाइलवर. किती टन भरला हे म्हाताऱ्या बाईंना कुणी सांगितले तर कळते. पूर्वी निदान कागदाची पावती घरात यायची, ती नातीकडून वाचून घेता यायची. आमच्या मते कारखान्यांनी कागद बंद करू नये, आणि खाते ज्याचे त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याचा नंबर जोडू नये. असो.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी होते. मित्राने तिथेच, वाळूत बसल्या बसल्या, गावी शाळेच्या एका बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, संगणक तीन आहेत, त्यांतले दोन चालतात. वीज गेली की काम थांबते, आणि शाळा सुटली की खोलीला कुलूप लागते. तुम्ही एक इन्व्हर्टर द्या, आणि संध्याकाळी दोन तास तिथे बसायला गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला मानधन द्या. मुले येतील, सातबारा नि बिले बघायला आयाबायाही येतील.

वर्गणी यासाठीच काढावी असे आम्ही सुचवितो. इन्व्हर्टरची किंमत मित्र काढतो आहे. मानधन वर्षभराचे एकदम बाजूला ठेवावे, म्हणजे मध्येच खंड पडणार नाही. येत्या शुक्रवारी पुन्हा समैस्मालाच जमायचे ठरले आहे.