अबोलीने बोलायचं कसं?

फुलांची सजावट करणाऱ्या अबोल माणसाला हल्ली सगळे एकच सांगतात, "कॅमेऱ्यासमोर बोला, नाहीतर मागे पडाल." मला काही हे पटत नाही. अहो, अबोलीला वास नसतो, म्हणून तिची वेणी कुणी नाकारली का? २०१० साली आलेलं इन्स्टाग्राम मुळात फोटोंसाठीच होतं. तोरणाचा फोटो, खाली फुलांची नावं आणि आपलं गाव, एवढं पुरे. दुसऱ्याच्या कामाला दोन ओळींची मनापासून दाद द्यावी. ओळख तशीच वाढते. व्हॉट्सॲप बिझनेसवर २०१९पासून दरासकट कॅटलॉग लावता येतो, म्हणजे घासाघीसही कमी. पण फोटोसुद्धा टाकायचा नाही, हा संकोच मात्र पोटावर येतो. फुलं दोन दिवसांत सुकतात हो! मग पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवणार काय?