मनातलं झाड, मळ्यातलं झाड



परवा चौथीच्या वर्गाला चित्राचा विषय दिला, 'माझ्या मनातलं फळझाड'. काय एकेक झाडं उगवली म्हणून सांगू! एकाच्या झाडाला वर आंबे, खाली बटाटे. एकीच्या झाडाची मुळं लिंबाची अन् फळं मोसंबीची. सगळे खो-खो हसले. "बाई, असं कुठं असतं का?"

असतं की! आपल्या जालन्यातच. ज्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचीच ही गंमत. आधी जंबेरी नावाच्या खरबरीत लिंबाचं रोप वाढवतात. त्याच्या खोडाची साल चिरून तिथे चांगल्या मोसंबीचा 'डोळा', म्हणजे कोंब, बसवतात. तो फुटला की वरचं जंबेरीचं खोड छाटतात. झालं! जोडाखाली लिंबू, जोडावर मोसंबी. जोडाखालून फूट आली तर ती जंबेरीची. ती वेळीच काढावी लागते.

मोसंबीचं पान उजेडासमोर धरा. बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगळलं की वास येतो तो त्यांचाच. फूल पांढरं आणि सुवासिक असतं. बहार हवा असेल तर शेतकरी काही दिवस पाणी तोडतात. याला 'ताण देणं' म्हणतात. झाड पानं गाळतं, आणि पुन्हा पाणी मिळालं की फुलांनी भरून जातं.

पण ताणालाही मर्यादा असते, मुलांनो. २०१३ च्या उन्हाळ्यात एका मुलाने असंच मनातलं झाड काढलं होतं. खाली लिहिलं होतं, 'याला पाणी लागत नाही.' मी लाल पेनाने लिहिलं, 'चूक. प्रत्येक झाडाला पाणी लागते.' दुसऱ्या दिवशी कळलं, त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांनी वाळलेली मोसंबीची बाग तोडली होती. त्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा अशाच गेल्या. माझा शेरा विज्ञानाला धरून होता, पण चित्र मी नीट वाचलंच नव्हतं. मी तो शेरा खोडला आणि त्याची माफी मागितली.

आता तुमचं काम. मनातलं एक फळझाड काढा. मूळ, खोड, पान, फूल, फळ, सगळं दाखवा. आणि एक ओळ जरूर लिहा : माझ्या झाडाला पाणी कुठून मिळेल?

तुमच्या बाई,
नवीन जालना