नाशिकला वाईन ट्रिप करताय? हॉटेल बुक करायच्या आधी गाडी कोण चालवणार ते ठरवा

शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘नाशिक करायचं का?’ दोन मिनिटांत चार अंगठे येतात. एक जण सुलाचा सूर्यास्ताचा फोटो टाकतो, दुसरा हॉटेलची लिंक टाकतो. लिंकवर लिहिलेलं असतं, ‘वायनरीपासून जवळ, द्राक्षबागेचा व्ह्यू’. रेटिंग बरं असतं, रेट परवडणारा असतो. बुकिंग होऊन जातं.

खरा विषय शनिवारी संध्याकाळी कळतो. जी वायनरी बघायची ती शहराच्या एका टोकाला, हॉटेल दुसऱ्या टोकाला. टेस्टिंग सगळ्यांनी केलेलं. आणि आता गाडी कोण चालवणार, यावर पार्किंगमध्ये उभं राहून चर्चा.

माझ्या पहिल्या नाशिक ट्रिपला डिट्टो हेच झालं होतं. आम्ही पाच जण होतो आणि पैसे वाचवायला नाशिकरोड स्टेशनजवळची रूम घेतली होती. रात्री वायनरीबाहेर कॅब मिळेपर्यंत तास गेला आणि रूममध्ये वाचवलेले पैसे कॅबमध्ये गेले. तेव्हापासून मित्र विचारतात, ‘नाशिकला कुठं राहू?’ तर मी हॉटेलचं नाव सांगत नाही. आधी विचारते, ‘कोणत्या वायनरीला जाताय आणि परत कसे येताय?’

हा प्रश्न आत्ताच महत्त्वाचा का झालाय, तर तीन कारणं आहेत. रस्ते बदलले, रूमवरचा जीएसटी बदलला आणि सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला. एकेक करून बघूया.

नाशिकमध्ये ‘वायनरी एरिया’ असा एकच नाही

आपल्या डोक्यात चित्र असतं की एका रस्त्यावर ओळीने वायनरी असतील आणि आपण एकातून निघून दुसरीत जाऊ. नाशिकमध्ये तसं नाही. शहर मध्यभागी आहे आणि वायनरी वेगवेगळ्या दिशांना पसरल्या आहेत.

पहिली दिशा गंगापूर धरणाची. गोवर्धन, गंगाव्हरे, सावरगाव हा शहराच्या पश्चिमेचा पट्टा. सुला इथेच, यॉर्क इथेच, सोमा इथेच. बहुतेकांच्या फोटोत दिसणारं नाशिक ते हेच. सुलाने 2005 मध्ये टेस्टिंग रूम उघडली आणि वायनरी ही फिरायला जायची जागा आहे हे लोकांना समजलं.

दुसरी दिशा दिंडोरीची, शहराच्या उत्तरेला. शांदोनची स्पार्कलिंग वाईन याच तालुक्यात बनते. तिसरी दिशा इगतपुरी तालुक्याची. सांजेगावच्या बाजूला ग्रोव्हर झाम्पा आणि वॅलोने आहेत. मुंबईहून येताना हा भाग नाशिकच्या आधीच लागतो. चौथी दिशा पूर्वेची, निफाड तालुक्यातलं विंचूर. तिथे एमआयडीसीचा वाईन पार्क आहे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही इगतपुरीला रूम घेतली आणि सुलाचा सूर्यास्त बघायला गेलात, तर रात्री 45 किलोमीटरच्या आसपास परत यायचं. नाशिकरोड स्टेशनजवळ राहिलात तर स्टेशन शहराच्या एका बाजूला आणि गंगापूर धरण बरोबर उलट्या बाजूला, म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं.

म्हणून ‘नाशिकमध्ये हॉटेल’ असा सर्च मारण्याआधी दिशा ठरवा. दोन दिवसांत एक दिशा, फार तर दोन. त्याहून जास्त ठेवलीत तर वाईन कमी आणि ट्रॅफिक जास्त बघाल.

30 मिलिग्रॅमचा हिशेब

‘टेस्टिंगच तर आहे, दोन घोटांनी काय होतंय?’ हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण म्हणतोच. तर कायदा काय म्हणतो ते बघू.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर 10 हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 15 हजारांचा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही.

समजा टेस्टिंगमध्ये सहा वाईन आल्या, प्रत्येकी 30 मिली. झाले 180 मिली. वाईनमध्ये साधारण 12 ते 13 टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे पोटात गेलं साधारण 18 ग्रॅम अल्कोहोल. 60 किलोच्या माणसाचा ढोबळ हिशेब मांडला तर तासाभराने तो 30 च्या रेषेवर किंवा तिच्या पुढेच असतो. वजन कमी असेल, पोट रिकामं असेल, तर रेषा आधीच ओलांडलेली. जेवणासोबत आणखी एक ग्लास घेतला तर विषयच संपला.

थोडक्यात, टेस्टिंग करणाऱ्याने गाडी चालवायची नाही. मग पर्याय तीनच उरतात. जिथे प्यायलात तिथेच झोपा, दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट करा, किंवा ग्रुपमधल्या एकाने त्या दिवशी न प्यायचं ठरवा. राहण्याची जागा या तिघांपैकी तुम्ही काय निवडलंत त्यावरून ठरते.

मग राहायचं कुठे?

वायनरीच्या आवारातली रूम. सर्वांत महाग, पण चालत रूमवर जाता येतं. सुलाची स्वतःची रिसॉर्ट आहेत, वॅलोनेकडे मोजक्या खोल्या आहेत, सोमाकडेही मुक्काम होतो. ट्रिपचा मुख्य हेतू वाईन असेल आणि कुणालाच ‘ड्रायव्हर’ व्हायचं नसेल तर हा पर्याय घ्या. फक्त एक तपासा. ‘आवारात’ आणि ‘वायनरीच्या ब्रँडचं’ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. रूमपासून टेस्टिंग रूमपर्यंत चालत किती मिनिटं, हे फोन करून विचारा.

गंगापूर धरणाच्या आसपास. इथे एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे, शिवाय बरेच खासगी बंगले आणि रिसॉर्ट. पश्चिमेच्या पट्ट्यातल्या वायनरी इथून जवळ पडतात. आई-बाबा सोबत आहेत, निम्म्या लोकांना वाईनमध्ये रस नाही, तर हा मधला मार्ग. धरणाचं पाणी सगळ्यांनाच आवडतं.

नाशिक शहर. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला राहिलात तर मिसळ, पंचवटी, वायनरी सगळं जमतं आणि कॅबही तुलनेने सहज मिळते. बजेट कमी असलेल्यांसाठी हा शहाणपणाचा पर्याय, पण दिवसभराच्या गाडीचे पैसे आधीच हिशेबात धरायचे.

शेतावरचा होमस्टे. सर्वांत स्वस्तही असू शकतो आणि सर्वांत फसवाही. याबद्दल पुढे बोलूच.

7,500 रुपयांची रेष

22 सप्टेंबर 2025 पासून हॉटेलच्या रूमवरचा जीएसटी बदलला. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या रूमवर 12 टक्क्यांऐवजी 5 टक्के झाला. त्याच्या वर मात्र 18 टक्केच आहे.

याचा परिणाम बघा. 7,400 ची रूम घेतलीत तर 5 टक्के धरून बिल 7,770. 7,600 ची घेतलीत तर 18 टक्के धरून 8,968. रेटमध्ये फरक 200 रुपयांचा, बिलात जवळपास 1,200 चा. विकेंडला हॉटेलचे रेट वर-खाली होत असतात, त्यामुळे तीच रूम गुरुवारी रेषेच्या खाली आणि शनिवारी रेषेच्या वर असू शकते. म्हणून रूमची तुलना टॅक्स धरूनच करा. आणि शहरातल्या रूमची तुलना करताना त्यात गाडीचं भाडं मिळवा. बऱ्याचदा कळतं की ‘स्वस्त’ रूम तितकी स्वस्त नव्हती.

‘द्राक्षबागेचा व्ह्यू’ म्हणजे नक्की काय?

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागा भरपूर आहेत, पण त्यातल्या बहुतेक खायच्या द्राक्षांच्या. थॉमसन, सोनाका वगैरे. वाईनची द्राक्षं वेगळी, शेनिन ब्लांक, शिराझ, कॅबरने सॉव्हिन्यों. ओळखायची सोपी खूण म्हणजे खायच्या द्राक्षांचा वेल सहसा डोक्यावर मांडवासारखा पसरलेला असतो, तर वाईनच्या द्राक्षांच्या तारांवर चढवलेल्या सरळ उभ्या रांगा असतात. लिस्टिंगमधला फोटो नीट बघितला तर कळतं. खायच्या द्राक्षांची बाग वाईट असते असं नाही, फक्त तिच्या शेजारी वायनरी असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट सीझनची. वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च. त्यानंतर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि बाग बोडकी दिसते. पावसाळ्यात पानं हिरवीगार असतात, पण घड नसतात. म्हणजे मे महिन्यात ‘व्ह्यू’साठी जास्त पैसे मोजलेत तर खिडकीतून काड्या आणि तारा दिसतील. तेच पैसे फेब्रुवारीत वसूल होतात.

आणि एक गंमत. काढणीच्या सीझनमधलाच 26 जानेवारी हा ड्राय डे असतो. तो शनिवार-रविवारला जोडून आला की लाँग विकेंड म्हणून लोक धडाधड बुकिंग करतात आणि त्या दिवशी टेस्टिंग बंद असतं. त्या भागात निवडणुका असतील तर मतदानाआधीचे ड्राय डेही तपासा.

समृद्धी आली, कुंभ येतोय

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमणे म्हणजे भिवंडीजवळ. कसारा घाट टाळून थेट इगतपुरीत उतरता येतं. त्यामुळे मुंबई-ठाण्याहून जाणाऱ्यांसाठी सांजेगावच्या बाजूचा मुक्काम सोयीचा झाला. गर्दी टाळायची असेल, एक-दोनच वायनरी निवांत बघायच्या असतील, तर इगतपुरीला राहून नाशिक शहरात न शिरताच परत येता येतं.

दुसरीकडे सिंहस्थ. जाहीर झालेल्या तारखांनुसार 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आहे आणि मुख्य अमृतस्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट, मग नाशिकमध्ये 11 आणि त्र्यंबकेश्वरला 12 सप्टेंबर. त्या काळात रामकुंडापासून त्र्यंबक रोडपर्यंत सगळीकडे भाविक आणि बंदोबस्त असणार आणि शहरातल्या खोल्यांवर पहिला हक्क त्यांचाच असणार. तो काळ वाईन ट्रिपसाठी नाहीच. तसाही तो काढणीचा सीझन नाही, त्यामुळे फार काही चुकत नाही.

तुमचे पैसे कुठे जातात?

आता होमस्टेकडे येऊ. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, ‘नाशिक व्हॅली वाईन’ला जीआय टॅग मिळाला, वायनरींचं नाव झालं. पण द्राक्ष पिकवणाऱ्याचं गणित अजूनही आभाळावर आहे. 2025 चंच घ्या. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, तो ऑक्टोबर संपेपर्यंत हटला नाही आणि नाशिकच्या बागांमध्ये घडच कमी लागले.

अशा वर्षी ज्याच्याकडे शेतावर दोन खोल्या आहेत, त्याच्याकडे पावसाने न भिजणारं थोडं उत्पन्न असतं. राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं ते याचसाठी. अडचण अशी की आता ‘फार्मस्टे’ हे नाव कुणीही लावतं. प्लॉट पाडून बांधलेला, मालक दुसऱ्या शहरात असलेला स्विमिंग पूलवाला बंगलाही फार्मस्टे आणि घरच्या चुलीवर जेवण देणारा शेतकरीही फार्मस्टेच.

फरक ओळखायला फोनवर चार प्रश्न पुरेत. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? मालक तिथे राहतात का? बाग कशाची आहे आणि सध्या बागेत काय काम चालू आहे? रात्री वायनरीतून आणायला गाडी मिळेल का? खरा शेतकरी तिसऱ्या प्रश्नावर दहा मिनिटं बोलतो. जो नुसताच ‘सर, व्ह्यू एकदम मस्त आहे’ म्हणतो, त्याच्याकडचा व्ह्यू तुम्ही ओळखला असेल.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर ‘नाशिक करायचं का?’ असा मेसेज पडला की लिंक टाकायच्या आधी एवढंच विचारा, ‘गाडी कोण चालवतंय?’ त्यावर सगळे गप्प झाले, तर रूम वायनरीतच घ्या.